विहिरीतला हंसराज

१२ ऑगस्ट, चोपडा
अक्का आली. तिच्या गावच्या विहिरीला आतून सिमेंटचा गिलावा मारला. दगडांच्या सांध्यांतला हंसराज (नेचं, फर्न) सगळा गाडला गेला. एवढाच गड्डा तिने खरवडून आणला, तेलाच्या डब्यात. "तुन्हा हातमा गुण शे, भाऊ. हाई जगाड." मोठी बहीण जगव म्हणते, नाही कसं म्हणणार? पण केळीवाल्याला नेचं काय कळतं!

१९ ऑग.
मोरीजवळ ठेवला. बोअरचं पाणी बंद, पागोळीचं घालतोय. काळी काडी, पंख्यासारखी पानं. पाणी पानावर थांबतच नाही, घरंगळतं. का? दहा वेळा ओतून पाहिलं. सौ. : "केळीला कधी एवढं न्याहाळलं नाही."

६ सप्टें.
पानांच्या कडेला खालून तपकिरी पट्टे. करपा रोगच! केळीवर करतो तेच केलं. डागी पानं कापली, जाळली. एक कोवळं तेवढं राहिलं.

८ सप्टें.
शेजारच्या पाटील मॅडम (कॉलेजात वनस्पतिशास्त्र) कपाळाला हात लावून बसल्या. ते पट्टे म्हणजे याचं बियाणंच. नेच्याला फूल नाही, बी नाही, त्या पट्ट्यांतली भुकटीच काय ती. धन्य आहे माझी! अक्काला कोणत्या तोंडाने सांगू...

२७ सप्टें.
राहिलेल्या पानालाही पट्टा आला. सौ.ने कात्री लपवली. पान हाताने खुडून कागदात ठेवलं होतं, सकाळी कागदावर ती भुकटी, धुळीसारखी, चिमूटभरही नाही. वीट उकळून घेतली, गार केली, तिच्यावर झटकली. वीट बरणीत, तळाला पाणी. शिंक आली असती तर संपलंच होतं.

२ नोव्हें.
विटेवर हिरवट. शेवाळ की तो? रोज भिंग. मूळ गड्डा पार वाळला. मॅडम म्हणतात झोपला असेल. असेल बुवा.

३० नोव्हें.
पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे हिरवे ठिपके! मोहरीएवढे. मॅडम : "हंसराज असेल, वाऱ्यावर आलेलं दुसरं नेचंही असेल. पान फुटल्याशिवाय सांगता येत नाही." च्यायला.

७ डिसें.
अक्का आली. सगळं सांगून टाकलं, कापलेलं, जाळलेलं. तिने बरणी उचलून उजेडात धरली. वाटलं, रडेल आता. म्हणाली, "वीट फोड." का गं? "बठ्ठं तुन्हाजोडे नको. तू परत कापशी." सगळं माझ्यापाशी ठेवायला भरवसा नाही तिला.
फोडली. अर्धा तुकडा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने नेला. माझ्याकडे सात ठिपके उरलेत. तिच्याकडे आठ गेले की नऊ, घाईत मोजायचं राहिलं.