बाटलीतला काढा

दि. ९, बुधवार

चि. धाकट्यास,

आजीचे आशीर्वाद. सध्या अर्धेच पाठवते, उरलेले तुझी वागणूक बघून.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. तुझी बायको माझ्याकडे येऊन आज आठ दिवस झाले. सकाळी सहाला तिची बस सुटते, त्याआधी मला चहा देऊन जाते. दिवसभर शंभर माणसांना "पुढे सरका" म्हणून सरकवणारी कंडक्टर ती. ती आल्यापासून मीही घरात पुढे पुढेच सरकते आहे. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. ती लबाडी करते, मी तिच्याहून जास्त करते. तिच्या मनगटाची सूज उतरली.

तुझं पत्र तिने हातात घेतलं नाही. मीच बोट फिरवत दोनदा वाचलं. "आजी, तिला समजावून परत पाठव. मी नाही मारलं, दारूने मारलं. मला काही आठवतसुद्धा नाही."

बरं, मग मी आठवण देते. स्टूल फेकायच्या आधी तू चष्मा काढलास, घडी घातलीस आणि नीट कपाटावर ठेवलास, असं ती सांगते. दारूला चष्म्याची किंमत कळते हे मला नवीनच. आणि गेल्या महिन्यात ऑफिसच्या पार्टीत चौघांची एकट्याने प्यायलास म्हणे, आणि साहेबाचा कोट हातावर घेऊन त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलास. तिथे नाही कुणाला स्टूल मारलंस?

आता माझं ऐक. तुझे आजोबा काचांचं काम करायचे. पुढच्या खोलीत दुकान, भिंतींना टेकवलेले आरसे, मागच्या खोलीत आम्ही. रविवारी दुपारी बाटली काढायचे. मग झोकांड्या खात दुकानातून आत यायचे, पण एका आरशाला कधी ओरखडा नाही! फुटायच्या त्या माझ्या बरण्या. आणि अधूनमधून मी.

बाटली भरून आणायला मलाच धाडायचे. मी म्हटलं, बघतेच आता. पहिल्या रविवारी वाटीभर दारू मोरीत ओतली आणि तेवढाच कोरा चहा आणि मिरीचा काढा बाटलीत घातला. पुढच्या रविवारी दोन वाट्या. वास यावा म्हणून बुचाला तेवढी खरी चोळायची. पाचव्या रविवारी बाटलीत दारू औषधालासुद्धा नव्हती. मी खूश! म्हटलं, आज हा माणूस फार तर शिंकेल.

निव्वळ काढा ढोसला त्यांनी. जीभ जड झाली, डोळे तांबारले, एक गाणं झालं. मग साखरेची बरणी फोडली आणि माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. काढ्यावर! तू हसत असशील. मीही हसले, पण फार वर्षांनी.

इथवर सोमवारीच लिहून झालं होतं. पुढचं लिहायला हात वळेना म्हणून पत्र दोन दिवस डब्यामागे सारून ठेवलं. तारीख आज घातली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी बाटली पुन्हा खऱ्या दारूने भरून आणली. माझ्या पायांनी. दारू मारते म्हटलं की नवरा चांगला राहतो. काढा मारतो म्हणून कुणाला सांगणार? तुझा बाप तेव्हा सहा वर्षांचा, खाटेखाली दडलेला. त्याला बाहेर ओढलं आणि म्हटलं, "बाबा नाही रे मारत, दारू मारते." त्याने ते तुला दिलं. तुझ्या पत्रातलं वाक्य माझं आहे, बाळा. ते मी परत घेते.

दारू गरीब गाय आहे असं नाही. लगाम तीच सैल करते, पण घोडं घरचंच असतं.

पुढे डॉक्टरांनी आजोबांची दारू बंद केली. तरी एकदा हात उगारला, तेव्हा मी काढ्याची हकिगत तोंडावर सांगितली. आधी मला खोटारडी म्हणाले. बुचाचं सांगितलं तसे मटकन खाली बसले. पुन्हा हात उठला नाही. म्हणजे थांबवता येत होता! ते कळल्यावर जेवढं बरं वाटलं, त्याच्या दुप्पट संताप आला.

तर मी तिला समजावणार नाही. काल विचारलं, "जायचंय का गं?" म्हणाली, "आजी, तुम्ही पत्ते वाटा."

रविवारी दुपारी तिला सुट्टी आहे. न पिता ये. तिच्यासमोर बस आणि म्हण, मी मारलं. मधे बाटलीचं नाव घेतलंस तर उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. त्यावर ती तुझ्याबरोबर येईल का, हे मला ठाऊक नाही. ते ती ठरवेल. दारू कशी सोडायची ते दवाखान्यात विचार, मला फक्त काढा येतो. आणि हे पत्र तुझ्या बापाला वाचून दाखव. त्याला सांगायचं राहिलंय.

आजोबांना खरं सांगायला मला अकरा वर्षं लागली. तुला रविवारपर्यंत मुदत देते.

तुझी,
आजी