मोठी फाईल खरी

सोमवार, ३
रुजू झाले! इस्पितळाचं तळघर, दोन सर्व्हर आणि एक डुगडुगती खुर्ची, एवढं माझं साम्राज्य. प्रत्येक रुग्णाची फाईल दोन्ही सर्व्हरवर असते. एक झोपला तरी दुसरा जागा. हे समजावताना साहेबांनी इतका घसा कोरडा केला की शेवटी मीच त्यांना पाणी आणून दिलं.

बुधवार, ५
सकाळी लाकडाच्या कारखान्यात दादाच्या छातीत करवत घुसली. त्याला इथेच आणलं. जखमेचे फोटो फाईलला जोडले आणि तासाभरात दुसरा सर्व्हर बंद पडला. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. बेचाळीस टाके. दादा वाचला! डोळे उघडताच मला ‘चिमणे’ म्हणाला, लहानपणीसारखं. वहिनी गळ्यात पडून रडली, मीही.

शुक्रवार, ७
दुपारी दुसरा सर्व्हर उठला. दोन्हीकडच्या फायली जुळत नाहीत, खरी कुठली धरू, असं विचारत होता. साहेब रजेवर. मोठी असेल ती, असं मी ठोकून दिलं. तिच्यात माहिती जास्त असणारच. आता नंबरवारीने एकेक फाईल दुरुस्त होतेय, तासाला पंधरा. गोगलगाय बरी.

शनिवार, ८
नंबर ३१०. एका आजोबांचं गुरुवारी शिवलेलं पोट जेवता जेवता उघडलं, आतडी ताटात आली. नर्सबाई म्हणतात, टाक्यांची खूणसुद्धा नाही, जणू कधी घातलेच नव्हते. नंबर ३४४. सांधलेला पाय पुन्हा तुटून लोंबला.
आत्ता कळलं. जागा अडते म्हणून डॉक्टरबाई शस्त्रक्रियेनंतर जखमेचे फोटो काढून टाकतात. बंद पडलेल्या सर्व्हरवर मात्र ते तसेच राहिले. म्हणजे बऱ्या झालेल्याची फाईल लहान. मोठी ती जखमेची. मी जखमा खऱ्या ठरवल्या.
दादाचा नंबर ६४०.

रविवार, ९
थांबत नाही. वीज तोडली तरी आकडा पुढेच — साहेबांना फोन केला, ते हसले, म्हणाले झोप काढ.
६३९.
आगीसाठी ठेवलेली कुऱ्हाड घेतली. दोन्हींमधली वायर तोडली. ६४० अर्ध्यावर थांबला. थांबला!

नर्सबाई आल्या. एकवीस टाके गेले. छाती अर्धी उघडी, बरगड्या दिसतायत — नवा टाका घातला की नाहीसा होतो. भूल चढत नाही. रक्त थांबत नाही आणि तो मरतही नाही —

वहिनी खाली आलीय. हात कोपरापर्यंत लाल. दादा म्हणतोय, चिमणीला सांग, वायर जोड, होऊ दे पूर्ण. मी नाही म्हटलं. किंकाळ्या इथवर येतायत.
वहिनी म्हणते, तुला जमत नसेल तर मी करते. कुऱ्हाड उचलली तिने. जिना चढतेय — वहिनी, नको, थांब, मी जोडते, मी —