राणीचं शेवटचं वाक्य

नेरिस बाळा,

हेही पत्र मी टाकणार नाहीच, पण लिहितो.

आज माळ्यावर तुझं शाळेतलं नाटकाचं पुस्तक सापडलं. परीक्षेत पुस्तक उघडायची सोय नव्हती, म्हणून तुला सगळं पाठ करावं लागायचं. तू राजा आणि मी डोक्याला टॉवेल गुंडाळून राणी! "बाबा, राणी आहे ती, पाव नाही विकत बसली!" म्हणत तू हसून लोळायचीस.

राणीचं शेवटचं वाक्य होतं, "जा, पण दार उघडं ठेव." मी रोज म्हणायचो, "जा, पण दार लावून घे." मग तू टेबलावर मूठ आपटून मला दुरुस्त करायचीस. तुला वाटायचं, बेकरीवाल्या बापाचं डोकं म्हणजे कणकेचा गोळा. अगं, मला पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं! मला सुधारताना तुझं पक्कं व्हायचं, म्हणून चुकायचो.

पुढे तू लंडनच्या नाटक कंपनीत जायला निघालीस. बॅग उचललीस, तेव्हा मी तेच वाक्य बोललो, नेहमीसारखं मुद्दाम चुकीचंच.

या वेळी तू दुरुस्त केलं नाहीस. हळूच दार लावून घेतलंस.

तुझी राणी,
बाबा