जुन्या नंबराची तार

अप्पा, आपल्या देगलूरच्या घरात फायबर आलं. लातूरची नोकरी संपवून मी आईपाशी राहायला आले आणि माझ्या लेकीला रोज आजीला व्हिडिओवर बघायचं असतं, म्हणून घेतलं. जोडायला आलेला माणूस भला होता. भिंतीवरची जुनी तांब्याची तार काढायला त्याने पक्कड लावली, तशी आई काठी टेकत पुढे आली. "हात लावू नको तिला. माझं लेकरू फोन करंल." तो मोठ्याने समजावत राहिला, "आज्जी, नव्या तारंवर नवा नंबर मिळंल की." आई म्हणाली, "त्याला जुनाच पाठ हाय." तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "राहू द्या. दोन्ही राहू द्या."

भुसार दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तुम्ही दादाला म्हणाला होतात, "धंदा जमत नसंल तर तोंड दाखवू नको." त्याने ते अक्षरशः पाळलं. त्यानंतरची एक संध्याकाळ मला अजून दिसते. लाइट गेलेली आहे, आई चुलीच्या उजेडात भाकरी थापतेय, फोन वाजतो. तुम्ही उचलता. पलीकडून कुणी बोलत नाही. तुम्ही तसेच उभे, आणि मग आम्ही कधी न ऐकलेल्या आवाजात विचारता, "जेवलास का?" तेवढ्यात फोन कटतो. आई थापायची थांबलेली, तव्यावरची भाकरी करपून जाते, पण तुम्ही रिसीव्हर कानापासून काढत नाही. पुढे दुकान गेलं, तुम्ही अंथरुणाला खिळलात, तरी फोन बंद होऊ दिला नाही. शेवटी शेवटी मला बोलावून म्हणालात, "नंबर बदलायचा न्हाई."

अप्पा, आम्ही तार ठेवली, पण ती राहिली नाही. नालीसाठी रस्ता खोदला आणि गल्लीची केबलच तुटली. मी टेलिफोन ऑफिसात चकरा मारल्या. खिडकीतले साहेब नरमाईने बोलले, "ताई, तांब्याचं आता कुणी जोडत न्हाई. तुमच्या गल्लीत तुमचा एकच फोन उरला होता."

"आणि नंबर?"

"तो गेलाच समजा."

आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला कळलेलं नाही. फोनशेजारी बसून ती विचारते, "चालू हाय न्हवं?" मी म्हणते, "हाव." दादा असेल तर म्हातारा झाला असेल. असेल तर. त्याला हा नंबर आठवत असेल, असंही मला आता वाटत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. साहेबांनी नाही म्हटल्यावर मी घरी आले, आईला वाढलं आणि जरा आडवी झाले. इथे आल्यापासून मी कधी फोनकडे कान न ठेवता झोपले नव्हते. त्या दुपारी मला गाढ झोप लागली, अप्पा.