नाना, ती भिंत साइटची नव्हती

प्रिय नाना,

आज सकाळी आईचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे, म्हणून. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जमलं तर ये रं. नायतर मी सांगते गल्लीत, वर्ल्ड कपाचं काम हाय म्हनून. त्ये बी तसंच सांगायचे." त्यानंतर तिने जे सांगितलं ते ऐकून मी इथे कतारमध्ये, लुसैलच्या ऑफिसातून उठलो आणि खाली पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसलो. इथूनच लिहितोय.

मागच्या वर्षी ईदच्या सुट्टीत तुमची पंच्याहत्तरी होती. घरी शांत करायची, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, सगळं आईने ठरवलं होतं. मी कळवलं, "लीव्ह बंद आहेत नाना, वर्ल्ड कपचं काम डोक्यावर आलंय." तुम्ही म्हणालात, "मंग ऱ्हाऊ दे. लेकाशिवाय कसली शांत? वर्ल्ड कप झाला की करू."

लीव्ह बंद नव्हत्या, नाना. आम्ही चौघं तुर्कस्तानात कपाडोकियाला गेलो होतो.

ऑफिसातले सगळे जाऊन आले होते. सगळ्यांचे गरम हवेच्या फुग्यातून उडतानाचे फोटो होते. मुलांचा हट्ट होता, असं म्हणायला सोपं आहे. पण खरं सांगू? हट्ट माझाच होता!

काय खोरं आहे ते! ज्वालामुखीची राख साचून तिचा दगड झालेला, पिवळट, गुलाबी, आणि त्याचे सुळके दूरपर्यंत. माणसांनी ते पोखरून घरं केलीत, चुली, गोठे, कबुतरांसाठी खणसुद्धा. गाइड म्हणाला, हा दगड कापताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. मला पहिली आठवण तुमचीच आली. उभी हयात तुम्ही काळ्या दगडाला टाकी लावलीत, जाती घडवलीत, देवळांच्या पायऱ्या बसवल्यात. हे तुम्हाला सांगायला हवं, असं मनात आलं आणि लगेच जीभ चावली. तुम्हाला सांगणार कुठल्या तोंडाने?

आणि तुमचा पासपोर्ट तर चालू होता! त्याच्या दोनच वर्षं आधी तुम्ही उम्म सलालला आमच्याकडे राहून गेला होता. घरामागची जुनी भिंत नखाने खरवडून म्हणाला होतात, "ह्यो समदा चुन्याचा दगड." तुम्हालाच घेऊन गेलो असतो तर? हा विचार मला तेव्हा शिवलासुद्धा नाही.

वाढदिवसाच्या दिवशी मी गुहेतल्या हॉटेलातून व्हिडिओ कॉल केला. चोराच्या मनात चांदणं, म्हणून खिडकीकडे पाठ केली नाही, कोऱ्या भिंतीला टेकून बसलो. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलं. ते दोह्याहून मुद्दाम बॅगेत टाकून नेलं होतं. इतकी तयारी मी परीक्षेचीही कधी केली नसेल.

"कुठं बसलायस?"

"साइटवर, नाना. बेसमेंट आहे."

तुम्ही मोबाईल डोळ्यांजवळ नेलात. मग म्हणालात, "मोबाईल भितीजवळ ने बरं." आणि मी मूर्खासारखा नेला! तुम्ही नीट पाहिलंत. "हातानं केलंय. चांगलं काम हाय."

"लेबर चांगले आहेत," मी म्हणालो. मुलांना बाथरूममध्ये लपवलं होतं, त्यातली इरा खुदकन हसली.

"पोरं कुठंयत?"

"शाळेत."

ईदच्या सुट्टीत शाळेत! तरी तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. जेवून घे."

चार महिन्यांनी तुम्ही गेलात. शांत राहिली ती राहिलीच. दहाव्याला गल्लीतला जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "वर्ल्ड कपाचं काम, तुझा तरी काय इलाज?" मी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं, जणू खरंच होतं.

आणि आज आई म्हणते, "फोन ठिवला न् म्हनले, पोरगं कतारात नाय. तो दगड तिकडचा नाय, भितीवर छिन्नीचं घाव हायेत. कुठंतरी लेनी बघतंय, बघू दे. पन गल्लीत बोलू नको." आणि तुम्ही स्वतः पारावर जाऊन सांगितलंत, आमच्या लेकाशिवाय वर्ल्ड कप अडलाय!

मेल्याहून मेल्यासारखं झालंय, नाना. चार शिव्या का नाही घातल्यात? दुसऱ्याच्या जात्यात खोट दिसली की तोंडावर सांगणारे तुम्ही, माझ्याच वेळी गप्प का बसलात?

आता लांडगा खरंच आलाय. स्पर्धा तोंडावर आहे आणि लीव्ह खरंच बंद आहेत. आत्ता साहेबांना मेसेज केला, तर उत्तर आलं, "आफ्टर द टूर्नामेंट, इन्शाल्ला." उद्या समोर उभा राहून मागेन. नाही म्हणाले तर राजीनामा देईन, पण येईन.

आईला आता माझ्यासाठी खोटं बोलू देणार नाही. श्राद्धाची पानं मांडायच्या आधी सगळ्या गल्लीसमोर सांगेन, की पंच्याहत्तरीला मी कामावर नव्हतो, सहलीला होतो. लोक म्हणतील, बिचाऱ्या नानांना पोराने फसवलं. तेव्हा हेही सांगेन, की नाना फसले नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी ते पारावर माझी बाजू घेत बसले होते.

हे शेवटचं वाक्य बोलताना मान वर राहणार नाही. पण बोलेन.

तुमचा,
दत्तू