निळ्या जाकिटातली उतरण

शेमशक,
शुक्रवार, २० बहमन

प्रिय मनीजेताई,

सलाम. तू, रसूलदाजी आणि घरातली सगळी खुशाल असाल. तू पाठवलेलं गुलाबपाणी पोचलं. बाटली वाटेत थोडी झिरपली, त्यामुळे तुझ्या तरलानचे कपडे आठवडाभर घमघमत होते. बर्फ यंदा उशिरा आला, पण आला तो ढिगानं. माझा गुडघा कुरकुरतो. स्की-लिफ्टवरचा सफदर अजून तसाच आहे, मला पाहिलं की ओरडायचा, "या विजेते, आज तरी न पडता खाली याल ना?"

ओरडायचा, असं लिहिलं. आता ओरडत नाही. तेच सांगायला बसलोय, आणि दोन कागद फाडून झालेत.

तुझी लेक मजेत आहे. जेवते, झोपते, पहाटे सगळ्यांच्या आधी उतारावर असते. माझ्याशी मात्र सोमवारपासून बोललेली नाही.

ती आली त्याच दिवशी मी तिला वर नेलं. मनात म्हटलं, काशानची सोळा वर्षांची पोर, हिला बर्फ काय कळणार. ती स्नोबोर्डवर उभी राहिली आणि सुटली. उडीच्या आधी डावा खांदा खाली टाकून क्षणभर रेंगाळायचं, मग वर! असं करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय.

"कुठं शिकलीस हे?"

"आईनं शिकवलं. वाळूच्या टेकड्यांवर, फळीला मेण लावून." मग हसली. "पण मूळ तुमचंच ना, मामा? आई म्हणते, तिला तुम्ही शिकवलंत."

मी "हो" म्हणालो.

ताई, बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा "हो" म्हणालो.

त्या रात्रीपासून मला निवडीचा तो दिवस पुसता येत नाही. तेहरानच्या कुणीतरी टाकून दिलेला मोडका बोर्ड बाबांनी घरी आणला होता. तो दुरुस्त केलास तू. त्यावर आधी उभी राहिलीस तू. मला बखोटीला धरून घरामागच्या उतारावर शिकवलंस तू. आणि ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक त्यांच्याकडच्या शिबिरासाठी निवड करायला आले, तेव्हा मी सगळ्यांदेखत दोनदा आपटलो. तू काम करायचीस त्या चहाच्या टपरीमागे रडत बसलो होतो. तू म्हणालीस, "जाकीट दे तुझं. एकदाच जाऊन येते. बायकांच्या उतारावर मेली उडीच नाही." गॉगल, टोपी, तोंडावर मफलर. तू गेलीस आणि आलीस. आल्यावर हसत माझं निळं जाकीट माझ्या अंगावर टाकलंस आणि टपरीत चहा गाळायला गेलीस.

वर प्रशिक्षकांनी विचारलं होतं, निळं जाकीट कोण? सफदर म्हणाला, आमच्या मेकॅनिकचा पोरगा, ईरज. ते धावत खाली आले, माझा हात धरला. "तूच ना?" तू चार पावलांवर ट्रे घेऊन उभी होतीस.

मग ते म्हणाले, पुन्हा एकदा करून दाखव. मी म्हणालो, घोटा मुरगळला. आणि घरीसुद्धा तीन दिवस लंगडलो. आईसमोर तू माझ्या धडधाकट घोट्याला गरम मिठाची पुरचुंडी लावत बसलीस.

खरं सांगितलं असतं, तर त्या काळी पुरुषांच्या उतारावर गेल्याबद्दल तू अडकली असतीस; मी तुला वाचवलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. त्या क्षणी मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही.

शिबिराला निघताना तू एवढंच म्हणालीस, "ईरज, तिकडे मुलींना घेतात का, तेवढं विचार." सहा महिने होतो मी तिथे. विचारलं नाही. घेत होते, ताई. माझ्याच शिबिरात सात मुली होत्या.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे. सहा वेळा देशाचा विजेता. ती पदकं मी पडून-झडून, हाडं मोडून मिळवली, त्यात लबाडी नाही. पण प्रत्येक मुलाखतीत विचारत, कुणी शिकवलं? आणि मी म्हणे, माझं मीच.

सोमवारी तरलान स्पर्धेचा अर्ज घेऊन टपरीत आली. "प्रशिक्षक म्हणून तुमचंच नाव लिहा, आईनं बजावलंय." पेन हातात घेतलं आणि पुढे चालेचना. मग सांगून टाकलं. सफदर होता, लिफ्टवरची चौघं होती, सगळ्यांसमोर.

सफदरनं पेला खाली ठेवला. "पंचवीस वर्षं मी छाती फुगवून सांगतोय, या गड्याला पहिल्यांदा मी ओळखलं म्हणून. मला कशाला रे खोटारडा केलंस?" उठून गेला.

तरलाननं एकच विचारलं. "आईला माहीत होतं?"

"समोरच उभी होती."

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, त्या रकान्यात तुझं नाव लिहिलं आणि अर्ज नेऊन दिला. आता एकटी सराव करते. मी खालून बघतो. सुंदर जाते, ताई. माझ्यापेक्षा फार सुंदर.

स्पर्धा दोन आठवड्यांनी, चार इस्फंदला, शुक्रवारी. तू यावंस, असं तिला वाटतं. ती स्वतः फोन करेल.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायची मला लाज वाटते.

ज्याचं खोटं तू पोटच्या पोरीपासूनही झाकलंस,
तो तुझा भाऊ,
ईरज