काटा चारवर

शनिवार, १४ मे
आज पदवी मिळाली. कुचेरांच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, लिबी. विषय समाजशास्त्र. संशोधन पद्धतीत ए. डॅडींनी सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि गॅरेजमध्ये लावलं, टांगलेल्या जुन्या टायरच्या शेजारी. मी म्हटलं, हॉलमध्ये लावू या. म्हणाले, हॉलमध्ये कोण येतं? माणसं सगळी इथेच येतात.
संकल्प : शिक्षणाचा उपयोग आधी घरात. सुरुवात टायरपासून.

रविवार, १५ मे
प्रश्न नीट मांडून ठेवते. डॅडींच्या अवजड मोटरसायकलला मागच्या चाकावर चक्क कारचा टायर आहे. मोटरसायकलचा टायर गोलसर, कारचा सपाट. वळणावर काय होत असेल? पण हे लोक म्हणतात, ट्रेलर ओढायचा तर कारचाच, दुप्पट चालतो. दुकानवाले बसवून देत नाहीत, म्हणून त्या कामापुरते सगळे लुमिरच्या गॅरेजात जमतात आणि पहार, साबणाचं पाणी आणि शिव्या यांच्या मदतीने बसवतात. ज्याने बसवला तो 'अंधारात गेला' असं म्हणून त्याला बिअर पाजतात. लुमिर हा डॅडींचा चाळीस वर्षांचा दोस्त, दोघं धान्याच्या कोठारावर बरोबर कामाला होते.
आणि याच टायरवर, मागे छोटा ट्रेलर जोडून, नऊ जुलैला डॅडी मॉमला नेब्रास्काहून थेट ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नेणार आहेत. मॉमने एकसष्ट वर्षांत समुद्र पाहिलेला नाही. तिचा डावा खुबा झिजलाय. ऑक्टोबरात ऑपरेशन, आणि त्यानंतर मोटरसायकलवर मागे बसणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाच उन्हाळा.
मी सुचवलं, कारने जा. मॉम म्हणाली, कारने मी तीस वर्षं शाळेच्या किचनला गेले. समुद्राला नाही जाणार.
उत्तर भावनिक आहे. नोंद घेतली.

रविवार, २९ मे
आमच्या गॅरेजमध्ये प्रेझेंटेशन केलं. सहा 'अंधारातले' पुरुष, बावीस स्लाइड. मॉमने खसखशीच्या कोलाची, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, केल्या होत्या, त्यामुळे उपस्थिती शंभर टक्के. नवव्या स्लाइडला त्यांच्यातला मायलो म्हणाला, पोरी, तू स्वतः किती मैल चालवलीयस? मी खरं ते सांगितलं. शून्य. लुमिर म्हणाला, मग आता आमच्या गाईंनाही दुधावर दोन शब्द सांगून जा. डॅडी हसले नाहीत. पण हसू दाबताना त्यांना ठसका लागला.
छापील पत्रकं सगळ्यांनी घेतली. एकाने ऑइलच्या डब्याखाली, दोघांनी कोलाची गुंडाळायला.
बदलाची प्रक्रिया अशीच सुरू होते.

रविवार, १२ जून
सात दिवस टायर हा शब्द उच्चारला नाही. संवादाआधी विश्वास. आठव्या दिवशी डॅडींनीच विचारलं, बरी आहेस ना?

शनिवार, २ जुलै
डॅडींनी ट्रेलर भरायला घेतला. त्यांची पद्धत बघून हसावं की रडावं कळेना. बाथरूममधला वजनकाटा आणून ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली ठेवतात आणि वाकून बघतात. चाळीस पौंड आले की खूश. पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, सगळं जड ते चाकांच्या पुढे; कपडे, स्लीपिंग बॅग असलं हलकं मागे. का, तर शेपूट जड झालं की ट्रेलर तुला चालवायला लागतो, तू त्याला नाही. पुरावा काय, असं विचारलं. म्हणाले, पुरावा खड्ड्यात पडलेला असतो.
सगळ्यात वर मॉमची घडीची खुर्ची. ती लाटांसमोर टाकून बसणार आहे. खुर्चीला तिने नवीन निळं कापड शिवलंय. शेजारणीला दाखवायला दोनदा बाहेर काढून झाली.
माझा विचार : दांड्यावरचे हे चाळीस पौंड जातात कुठे? मोटरसायकलच्या मागच्या चाकावर. म्हणजे त्याच टायरवर! आधीच धोकादायक टायर आणि त्यावर हे मुद्दाम ओझं लादतात. हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

शुक्रवार, ८ जुलै, दुपारी ३
झालं! डॅडी लुमिरकडे, मॉम केस सेट करायला गेलेली. ट्रेलर उघडला. कॅन आणि पेटी अगदी मागे नेली, कपडे पुढे आणले. माझ्याकडून भेट म्हणून नवा फायर एक्स्टिंग्विशर, तोही मागेच, झाकण उघडताच हाताशी यावा म्हणून. मग काटा लावला.
चार!
चाळिसावरून चारवर. टायरवरचा ताण दहापट कमी. टायर बदलता आला नाही, पण परिस्थिती बदलली. प्राध्यापक म्हणायचे, व्यवस्थेशी भांडू नका, तिच्या आत शिरून काम करा.
आत्ता सांगायचं नाही. डॅडींचा मान राखायचा. ओरेगॉनला पोचले की फोनवर सांगेन. श्रेय नको.

शनिवार, ९ जुलै, सकाळी ६.४०
निघायची वेळ. डॅडींची पाठ धरली होती, म्हणून दांडा मीच उचलून मोटरसायकलला अडकवला. पिसासारखा हलका. डॅडी म्हणाले, ग्रॅज्युएट बाईंना ताकद आली की! मी नुसती हसले.
मॉमने लिपस्टिक लावलीय. हेल्मेटच्या आत.

त्याच दिवशी, दुपारी, हॉस्पिटल
गावाबाहेरच्या उतारावर झालं. बाकीचे वेशीपर्यंत सोबत होते, पुढे फक्त लुमिर, आणि मी मागून कारमध्ये. आधी ट्रेलर जरासा डोलला. मला वाटलं वारा. मग कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. मग मोटरसायकल आडवी. ट्रेलर मात्र तसाच चाकांवर उभा.
मॉम चारीतल्या गवतात. डावा खुबा मोडला. ती म्हणाली, बरं झालं हाच मोडला, उजवा चांगला होता.
डॅडींच्या तीन बरगड्या गेल्या. ते सरपटत तिच्यापाशी आले. तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग एक चमत्कारिक गोष्ट. डॅडी कुशीला हात दाबून उठले, ट्रेलर उघडला आणि पाण्याचे कॅन ओढून ओढून पुढे सरकवायला लागले. लुमिर धावला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने हत्यारांची पेटी पुढे सरकवली. धक्का बसलेली माणसं अशी निरर्थक कामं करतात, हे संशोधनात आहे.
झाकण लागलं तोवर पोलीस आला. डॅडींनी त्याला सांगितलं, कारचा टायर होता, सरकला. स्वतःच्या तोंडाने!
आनंद होऊ द्यायचा नाही. फक्त नोंद.

सोमवार, १८ जुलै
लिंकनला इंटरव्ह्यू, रस्ता सुरक्षेच्या संस्थेत. तयारी वेगळी होती, पण मी ती बाजूला ठेवून घरची गोष्ट सांगितली. टायर, माझे इशारे, मॉमचा समुद्र. पॅनेलमधल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. नोकरी मिळाली! शाळाशाळांतून बोलायचं. डॅडींच्या आडव्या मोटरसायकलचा फोटो वापरायला त्यांची लेखी परवानगी हवी होती. डॅडी म्हणाले, दाखव कुठे सही करू, बाईसाहेब. वाचलंही नाही. मग सर्टिफिकेटच्या फ्रेमवरची धूळ पुसत बसले.

गुरुवार, ४ ऑगस्ट
विमा कंपनीने कारच्या टायरकडे बोट दाखवून मोटरसायकलची भरपाई नाकारली. डॅडी भांडले नाहीत. मी म्हटलं, यातून शिकायचं. ते हो म्हणाले.
मॉम घरी आली. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते, मध्ये एक विश्रांती. मी समुद्राचे व्हिडिओ डाउनलोड करून दिले. म्हणाली, आवाज बंद कर, लाटांचा आवाज तूच काढ, तुला बोलायची सवय आहे.
औषधांनी माणूस चिडचिडा होतो.

रविवार, २१ ऑगस्ट
मायलो आणि बाकीचे आले होते. गॅरेजमधून ते डॅडींना बोलताना ऐकू येत होतं. डेल, तीस हजार मैल त्याच जातीच्या टायरवर हिंडलास आणि आता म्हणे टायर सरकला? चढवून बसला होतास की काय? एवढीच भीती होती तर बायकोला मागे कशाला बसवलंस? डॅडी एवढंच म्हणाले, म्हातारा झालो. जाताना मायलोने भिंतीवरचा ग्रुप फोटो काढून नेला. आता रविवारी कुणी येत नाही. डॅडी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून एकटेच बसतात, निळ्या कापडाची.
वाईट संगत सुटली.
लुमिर एकटाच बुधवारी येतो. माझ्याशी बोलत नाही. हार पचवायला वेळ लागतो.

शनिवार, १० सप्टेंबर
पहिलं भाषण सोमवारी, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. मॉमच्या किचनला लागूनच! ट्रेलरचा एक फोटो हवा होता, म्हणून शेडमध्ये जाऊन झाकण उघडलं.
झाकणाच्या आतल्या बाजूला डॅडींनी रंगाने लिहिलंय : जड पुढे. काटा ४०. त्याच्याखाली खडूने, वाकड्या अक्षरांत : हो डॅडी. अक्षर माझंच आहे. मी आठ वर्षांची असेन. रंगाचा डबा मीच धरला होता.
कॅन अजून पुढेच होते. फायर एक्स्टिंग्विशर सापडेना. शेवटी मॉमच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला मिळाला, कपड्यांच्या तळाशी.
मॉम बटाटे सोलत होती. मी विचारलं, त्या दिवशी डॅडींच्या कानात काय सांगितलंस? तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, सांगितलं, आधी ते पाणी पुढे सरकव, पोलीस येतोय. पोरीला इंटरव्ह्यू आहे. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, त्या सीटवर बावीस वर्षं बसलेय मी. वेशीच्या आधीच कळलं. वाटलं, निभावून जाईल. मग म्हणाली, तो बटाटा दे.
बटाटा दिला.

रविवार, ११ सप्टेंबर
चौथी स्लाइड, डॅडींच्या आडव्या मोटरसायकलची, काढायला हवी. सकाळभर विचार केला. काढली तर भाषण सहा मिनिटांनी कमी पडतं. शिवाय ऑफिसने मंजूर केलंय, डॅडींच्या नावासकट. आणि कारचा टायर चांगला असतो असं तरी कुठे सिद्ध झालंय? एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.
संकल्प : सगळं खरं सांगायचं. योग्य वेळी. प्रोबेशन संपल्यावर.
डॅडींनी उद्यासाठी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. चौथी स्लाइड आली की पहिल्या रांगेत उभं राहायचं, असं मीच त्यांना ऑगस्टमध्ये सांगून ठेवलं होतं. आत्ता दारात येऊन विचारून गेले, उभं राहिल्यावर काही बोलायचं का, की नुसतं उभं राहायचं?
मी म्हटलं, नुसतं.